काशी तेरा वर्षांची आहे, म्हणून काय?

*वाचकाचं पत्र*

ताई, नमस्कार. आमच्या मांजरीला, काशीला, रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या दोन कुत्र्यांनी धरलं. तेरा वर्षांची आहे ती. मी झाडू घेऊन धावले तोवर एकाने पाठीला धरून हिसडे दिले होते. सोमवारी मी तुम्हाला लिहिलं, तुम्ही रात्रीच "सकाळी उठून डॉक्टर गाठा, वाट बघू नका" असं कळवलंत, म्हणून मंगळवारी घेऊन गेले. वरून चारच भोकं दिसत होती, पण केस काढल्यावर आत बोट जाईल एवढी पोकळी निघाली. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही, छाती ठीक आहे म्हणाले. भूल देऊन जखम धुतली, टाके घातले, एक रबरी नळी ठेवली आहे. सलाइन दिलं. रेबीजचं पहिलं इंजेक्शन झालं, दुसऱ्यासाठी शुक्रवारी बोलावलंय. घरी द्यायला गोळ्या आहेत, दुखण्यावर थेंब आहेत.

आज बुधवार. घरी आल्यापासून ती पलंगाखाली बसली आहे. रविवारपासून नीट खाल्लेलं नाही, काल जरा दूध चाटलं तेवढंच. हात ठेवला की घरघर करते, म्हणजे बरं वाटत असेल ना? हे टॉवेलच्या कारखान्यात होते, त्यांनी आणलेला एक नवा टॉवेल मी जपून ठेवला होता, तोच अंथरलाय. शेजारच्या काकू म्हणतात डेटॉलच्या पाण्याने पुसून हळद भर. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, "आई, तिचं वय झालंय, आता हाल करू नकोस, शांतपणे जाऊ दे." यांच्या वेळी दवाखान्यात जे झालं ते त्याने जवळून पाहिलंय. पुतण्या तर म्हणतोय, कुत्र्यांना औषध घालून मोकळा होतो. काशी गेले काही महिने पाणी जरा जास्तच पिते, वाळलीही आहे, उन्हाळ्याचं असेल. सोडवताना माझ्या मनगटाला तिची नखं लागली, थोडं रक्त आलं, ते काही विशेष नाही. मला शुगर आहे पण ताब्यात आहे. मी तिला धरून ठेवतेय, त्यात माझं चुकतंय का?

— काशीची आई, पूर्व भाग, सोलापूर

*उत्तर*

ताई,

तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण त्याच्या आधीची दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. ती आधी घेते.

पहिलं तुमच्या मनगटाचं. "काही विशेष नाही" असं लिहिलंत. विशेष आहे. कुत्र्यांनी काशीला तोंडात धरलं होतं, त्यांची लाळ तिच्या अंगावर ओली होती, त्याच गडबडीत तिची नखं तुमच्या कातडीत गेली आणि रक्त आलं. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत जातो. ती कुत्री पिसाळलेली होती असं मी म्हणत नाही. नसतीलही. पण या आजाराची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणांच्या आधी लस घेतली तर तो जवळजवळ नेहमी वाचतो. मग यात अंदाज कशाला बांधायचा? उद्या सकाळी सिव्हिलला जा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. चार दिवस उलटले म्हणून आता काय उपयोग, असं मनात आणू नका. उशिरा घेतलेली लसही घ्यायचीच असते. रक्त आलं होतं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण रक्त आलेल्या जखमेसाठी लसीबरोबर जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन देतात, आणि ते लसीच्या पहिल्या दिवसापासून सात दिवसांच्या आतच देता येतं. धनुर्वाताचंही विचारा. शुगर असल्याचंही सांगा. मांजराचं नख बारीक असतं, ते खोल जातं, वरून जखम मिटते आणि आत पू धरतो. शुगर असलेल्या माणसाच्या हाताला ते लवकर भोवतं. मनगट लाल झालं, ठणकायला लागलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती तुमच्या वयाच्या पुष्कळ जणींच्या मनात अजून आहे. ते दिवस कधीच गेले. आता दंडात देतात. त्वचेत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत द्यायच्या पद्धतीत मध्ये १४ वा दिवस वाढतो. पहिली सुई ज्या दिवशी, तो शून्यावा दिवस.

आणि पुढे कधी असं झालं, कुणालाही झालं, तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. आपल्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, पिंपातलं पाणी जपून वापरायची सवय हाडात मुरली आहे, म्हणून मुद्दाम लिहिते: त्या दिवशी पाणी वाचवायचं नाही. नळ कोरडा असेल तर दुसऱ्या कुणालातरी तांब्याने धार धरायला सांगायची.

दुसरं वाक्य काशीच्या पाण्याचं. "जास्तच पिते, वाळलीही आहे, उन्हाळ्याचं असेल." म्हाताऱ्या मांजराच्या बाबतीत या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की उन्हाळ्याला दोष देऊन थांबू नये. मूत्रपिंड थकलं की मांजर असंच करतं. मधुमेह आणि थायरॉइडमध्येही असंच होतं. मूत्रपिंडाचं तर असं आहे की त्याचं जवळपास तीन-चतुर्थांश काम गेल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतही नाही, म्हणजे घरात माणसाच्या लक्षात येतं तोवर बराच काळ गेलेला असतो. हे मी आजच का सांगते आहे? तुमच्या घरी दुखण्याचे थेंब आहेत म्हणून. मांजरांना दुखण्यावर जी औषधं देतात त्यातली काही थकलेल्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, त्यातून मांजर जेवत-पीत नसेल तर आणखीच नाही. तुमच्या बाटलीत नेमकं काय आहे ते तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे, पण काशी पाणी जास्त पिते हे त्यांना माहीत आहे का? तुम्ही सांगितलं असं पत्रात नाही. पुढचा डोस द्यायच्या आधी फोन करा आणि एवढंच म्हणा: "ती काही महिने पाणी जास्त पिते, वाळली आहे, रविवारपासून खाल्लेलं नाही. थेंब देऊ का?" ते रक्ताची तपासणी सांगतील, कदाचित औषध बदलतील. दुखणं अंगावर काढू द्यायचं नाही, मांजरासाठी सुरक्षित अशी दुसरी औषधं आहेत.

याच ओघात. घरातली माणसाची गोळी तिला कधीही नको. पॅरासिटामॉल, म्हणजे आपण तापावर सहज घेतो ती क्रोसिन, डोलो, तिची एक गोळी मांजराला मारायला पुरते. मांजराच्या यकृताला ती पचवताच येत नाही, रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक हीही नकोत. "अर्धीच दिली, पाव दिली" असं कुणी सांगितलं तरी नको.

आता खाण्याचं. मला जखमेपेक्षा याची जास्त काळजी वाटते आहे. जखम डॉक्टरांनी पाहिली आहे, धुतली आहे, तिची वाट ठरली आहे. पण रविवार संध्याकाळ ते बुधवार म्हणजे तीन दिवस झाले. माणूस तीन दिवसांचा उपास काढतो, मांजराचं शरीर तसं नसतं. पोटात अन्न गेलं नाही की त्याच्या अंगातली चरबी यकृतात जाऊन साठू लागते, यकृत बिघडलं की खाण्याची इच्छा आणखी मरते, आणि तो फेरा नंतर तुटता तुटत नाही. लठ्ठ मांजरात हे जास्त होतं, काशी वाळलेली आहे हे खरं, पण वाळलेल्या म्हातारीकडे शिल्लकही थोडीच असते. म्हणून आज रात्री आणि उद्या सकाळी मी सांगते ते करून बघा. उद्या दुपारपर्यंत दोन-चार घास तरी गेले नाहीत तर शुक्रवारची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. भूक लागण्याचं आणि मळमळ थांबवण्याचं औषध असतं. त्याने भागलं नाही तर नळीने अन्न देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण मांजरं ते फार शांतपणे सहन करतात.

दूध बाजूला ठेवा. चाटते म्हणून मनाला बरं वाटतं, पण मोठ्या मांजरांना दूध बहुतेक वेळा पचत नाही, जुलाब झाले तर आहे ते पाणीही अंगातून जाईल. कोंबडीचा तुकडा नुसत्या पाण्यात शिजवा. मीठ नाही, मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर मुळीच नाही, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. तुकडा हाताने कुस्करून त्यावर तेच पाणी घाला आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा: तेवढं कोमट पाहिजे. मांजर वासावर जेवतं. फ्रिजमधून काढलेल्या गार अन्नाला वास नसतो, आजारी मांजराला तर नसतोच. पलंगाखाली तिच्या तोंडापुढे थोडंसं ठेवा, बोटाला लावून तिच्या ओठाला टेकवा, आणि तिथून उठा. समोर बसून बघत राहिलं की जनावरावर दडपण येतं. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचला, दोन तासांनी ताजं द्या. सुकट आवडत असेल तर कोंबडीवर चिमूटभर चुरा वासापुरता चालेल, त्याहून जास्त नको, तिच्यात मीठ असतं. आणि तोंड जबरदस्तीने उघडून आत कोंबू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, शिवाय ती त्या अन्नाचाच राग धरते आणि बरी झाल्यावरही त्याला तोंड लावत नाही.

पाण्याच्या दोन वाट्या ठेवा, एक पलंगाजवळ, एक तिच्या ओळखीच्या जागी. रुंद, उथळ. पिंपातलं चार दिवसांचं पाणी नको, आज भरलेलं नसेल तर उकळून गार केलेलं द्या. एप्रिलातलं सोलापूर म्हणजे पारा चाळिशीपार, आणि सारखं पाणी पिणाऱ्या मांजराचं पाणी तोडणं म्हणजे त्याला आणखी आजारी करणं. ती जास्त पिते तर पिऊ द्या.

आता जखम.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे बंड्या नावाचा बोका होता. असाच कुत्र्याच्या तोंडातून सुटून आला. पाठीवर दोन बारीक भोकं, रक्तही फारसं नाही. मी पुसलं, हळद भरली, आणि देवाची कृपा म्हणून निजले. चौथ्या दिवशी पाठ फुगली, कातडी काळी पडली, हाताला थंड लागायला लागली. डॉक्टरांनी पाहून सांगितलं की कुत्र्याने धरून हलवलं तेव्हाच कातडी खालच्या मांसापासून सुटली होती. वरची भोकं म्हणजे नुसती सुळ्यांची वाट होती, खरी इजा आत हातभर पसरली होती. बंड्या सहाव्या दिवशी गेला. म्हणून परवा रात्री तुमचं पत्र येताच मी दुसरं काही न लिहिता डॉक्टर गाठा म्हटलं. तुम्ही गेलात. जे मी तेव्हा केलं नाही ते तुम्ही केलंत, ताई, एवढं स्वतःला आधी सांगा.

त्या रबरी नळीला घाबरू नका. आतल्या पोकळीत साठणारं पाणी बाहेर यावं म्हणून ती आहे. गुलाबी, पातळ पाणी गळणं चांगलं. ते पिवळं-हिरवं, दाट, वासाचं झालं, टाक्यांभोवतीची कातडी काळपट किंवा थंड लागली, सूज वाढली तर थांबायचं नाही. काकूंची हळद म्हणूनच नको. हळद विष नाही, पण पूड जखमेच्या तोंडाशी बसते, खपली धरते, आणि ज्या वाटेने घाण बाहेर यायची ती वाट बंद होते. डेटॉल मात्र खरोखरच विषारी आहे, मांजरासाठी. त्यातलं फिनॉलच्या जातीचं द्रव्य तिला पचत नाही, आणि मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटतं, म्हणजे वरून लावलेलंही पोटातच जातं. बाम, कापूर, निलगिरी, टर्पेंटाइन, गुरांच्या जखमेवर मारायचे फवारे, यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. काकू प्रेमापोटी सांगतात, त्यांना वाईट वाटू देऊ नका. "डॉक्टरांनी हात लावू नका म्हटलंय" एवढं पुरे.

नळीच्या तोंडाशी सुकलेलं पाणी चिकटलं तर पुसायला हे करा: अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात पाऊण छोटा चमचा मीठ विरघळवा, स्वच्छ सुती कापडाचा तुकडा बुडवून पिळा आणि टिपून घ्या. घासायचं नाही. कापूस नको, त्याचे तंतू टाक्यांत अडकतात.

माश्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ओल्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते, तांदळाच्या कण्यांसारखा पांढरा पुंजका दिसतो, आणि एका दिवसात त्यातून अळ्या निघतात. म्हाताऱ्या, आजारी मांजराला स्वतःला चाटून स्वच्छ ठेवता येत नाही, त्यात तिच्या गळ्यात, जखम चाटू नये म्हणून घालतात तो प्लास्टिकचा कोन असेल. म्हणून सकाळ-संध्याकाळ विजेरी लावून केसांच्या मुळाशी बघायचं, शेपटीखालीही. खिडकीला जाळी नसेल तर जुनी मच्छरदाणी पलंगाभोवती सोडा. कोन काढू नका, तिने कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. एकदा तिने ती नळी दातात धरून ओढली तर पुन्हा भूल द्यावी लागेल. जेवताना काढा, जरा लांब बसून लक्ष ठेवा, जेवण झालं की घाला.

आणि तो टॉवेल, ताई. तुम्ही तो का अंथरलात ते मला कळलं. घरातलं सगळ्यात चांगलं, त्यांच्या हातचं. पण टर्किश टॉवेलला फासे असतात. मांजराची नखं त्यात अडकतात, ती हिसका देते, टाके ताणतात, नळीसुद्धा फाशात गुंतू शकते. तो धुऊन पुन्हा कपाटात ठेवा, ती बरी झाली की तिच्याच अंगाखाली येईल. आता खाली सोलापुरी चादरीची घडी घाला, मऊ गादी होते, आणि तिच्यावर तुमचं जुनं, धुऊन धुऊन पातळ झालेलं सुती लुगडं. रोज बदला. पांढरं किंवा फिकट असेल तर उत्तम, गळणाऱ्या पाण्याचा रंग लगेच दिसतो.

पलंगाखालून तिला ओढून काढू नका. दुखावलेलं मांजर अंधार आणि पाठीशी भिंत शोधतं. पण तिथे तुम्हाला हात पोचला पाहिजे. मोठ्या खोक्याची एक बाजू कापा, आत ते लुगडं घाला आणि खोका पलंगाच्या कडेला, थंड फरशीवर ठेवा. ती आपण होऊन जाईल. जवळच उथळ काठाचं तसराळं ठेवा, त्यात वाळूऐवजी फाडलेला कागद, म्हणजे जखमेत खडे जाणार नाहीत. दिवसातून किती वेळा शू केली ते बघा. चोवीस तासांत अजिबात झाली नाही तर ती तातडीची गोष्ट आहे.

घरघरीबद्दल. मांजर सुखातही घरघरतं आणि वेदनेतही. तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही. तिच्या तोंडाकडे बघा. डोळे अर्धवट मिटून आवळलेले, कान बाजूला पडलेले, मिशा ताठ, मान खांद्यांच्या खाली, अंगाचा गोळा: दुखतंय. डोळे उघडे, कान पुढे, कुशीवर पाय सोडून झोपलेली: बरं आहे. ती झोपलेली असताना छातीचे श्वास मोजा, मिनिटाला वीस ते तीस असतात. चाळिसाच्या वर गेले, किंवा ती तोंड उघडून धापा टाकायला लागली, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर मध्यरात्र असली तरी फोन करायचा. छातीचा एक्स-रे चांगला आला हे फार मोठं काम झालं आहे, पण हिसडे बसलेल्या मांजराचा श्वास आठवडाभर बघायचाच.

गोळ्यांचं एकच. गोळी कोरडी गिळवली तर ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकते, आणि डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी तिथेच भाजल्यासारखी जखम करते. गोळीनंतर पाच-सहा मिली पाणी बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या फटीतून हळूहळू सोडा. आणि जंतूंवरच्या गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत, जखम वरून कितीही छान दिसू दे.

आता तुमचा प्रश्न.

मुलावर रागावू नका. तो खर्चाचं बोलला असता तर मी वेगळं लिहिलं असतं, पण तो हालांबद्दल बोलतो आहे. बापाला त्याने नळ्यांमध्ये पाहिलं आहे, आणि आता फोनवर "नळी ठेवली" हे शब्द ऐकल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर काशी नाही येत, ते येतात. ही नळी थोड्या दिवसांचीच आहे, हे त्याला सांगितलंत का? तिचा एक फोटो पाठवा. दोन घास खाल्ले तर त्याचा व्हिडिओ पाठवा. त्याला जे दिसत नाही ते दाखवा, मग त्याचं मत विचारा.

पण "वय झालंय" हे कारण मला मान्य नाही. तेरा वर्षं म्हणजे माणसाची अडुसष्टच्या आसपास. घरात सांभाळलेली मांजरं पंधरा-सोळा, कधी त्याहूनही जास्त जगतात. तुमच्या गल्लीत अडुसष्ट वर्षांच्या बाई पडल्या, पाठीला टाके पडले, तर "त्यांचं वय झालंय, जाऊ द्या" असं कुणी म्हणेल का? वयामुळे भूल जपून द्यावी लागते, औषधं मोजून द्यावी लागतात, बरं व्हायला वेळ लागतो. एवढंच वयाचं म्हणणं. ती जगेल की नाही हे तिची मूत्रपिंडं, तिची भूक आणि ती जखम सांगतील. हाड मोडलेलं नाही, छाती शाबूत आहे, भुलीतून ती जागी झाली आहे. आजच्या घडीला तिला धरून ठेवण्यात तुमचं काहीही चुकत नाही.

याची दुसरी बाजूही तुम्हाला सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. रक्त तपासल्यावर मूत्रपिंडं पार निकामी निघाली, सलाइन आणि औषधं देऊनही आठवडाभरात तिने खायला सुरुवात केली नाही, कातडीचा मोठा भाग मरत गेला आणि दुखणं औषधांनीही आवरेना, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "तुमचं मांजर असतं तर काय केलं असतं?" तेव्हा झोपेचं इंजेक्शन देणं ही माया असते. तसं झालंच तर तुम्ही तिच्याजवळ बसा, मुलाला बोलवा. पण तो निर्णय पाहणीवर घ्यायचा, फोनवरच्या भीतीवर नाही. त्यासाठी एक वही करा. रोज चार ओळी: किती खाल्लं, शू-शी, श्वास, आणि आज तिने तिचं नेहमीचं काही केलं का. तुम्ही हाक मारल्यावर कान हलवला का, दाराकडे बघितलं का, तोंड पुसायला पंजा उचलला का. ते तुम्हालाच ओळखता येईल, डॉक्टरांना नाही. आणि खर्चाचं डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोला. कोणती तपासणी आत्ता लागेल आणि कोणती थांबू शकते हे विचारण्यात कमीपणा नाही.

पुतण्याला मात्र थांबवा. आजच. जनावराला विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विष घातलेला तुकडा कोण खाईल हेही त्याच्या हातात नाही, कुणाचं दुसरं मांजर खाईल, एखादं रांगतं मूल उचलेल. पण याहून जवळचं कारण आहे. ती दोन कुत्री जिवंत असणं तुमच्या कामाचं आहे. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं डॉक्टर धरतात. म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत ती दोन्ही कुत्री गल्लीत फिरताना दिसली तर ती तुमच्यासाठी आणि काशीसाठी मोठ्या दिलाशाची बातमी असेल. मारून टाकली तर तो पुरावाच गेला. त्यांच्यावर नजर ठेवायचं काम पुतण्यालाच द्या: रोज संध्याकाळी कुत्री दिसली का, खातात का, लाळ गाळत झोकांड्या खातात का. त्याचा राग खरा आहे, त्याला काहीतरी करायचं आहे, तर हे करू दे. लस मात्र तोवर थांबवायची नाही, तुमचीही नाही, काशीचीही नाही. आणि त्याच्याच हाताने महापालिकेत लेखी अर्ज द्या. प्राण्यांच्या जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. एकट्याच्या अर्जापेक्षा गल्लीतल्या दहा-पंधरा घरांच्या सह्या असतील तर बरं. कोपऱ्यावर उघड्यावर पडणारं खरकटं, कोंबडीची आतडी, हेही त्या अर्जात लिहा, कुत्र्यांची टोळी तिथेच जमते.

काशी बरी झाली की संध्याकाळी बाहेर सोडायची नाही. या वयात तिला पूर्वीसारखी भिंत चढता येत नाही, म्हणूनच ती सापडली. गच्चीचं दार, मागची मोरी, जिथून निसटते ती जागा बंद करा. दोन आठवडे ती दाराशी ओरडेल, मग खिडकीत बसायला शिकेल.

शुक्रवारचं सांगते. रेबीजचे काशीचे डोस मंगळवारपासून मोजायचे, कुत्रं चावलेल्या मांजराला सहसा ०, ३, ७, १४, २८ असे देतात, म्हणजे तिचा दुसरा शुक्रवारी. तुमचा पहिला उद्या, गुरुवारी, म्हणून दुसरा रविवारी, रविवारी कुठे आणि किती वाजता यायचं ते उद्याच विचारून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघींच्या तारखांना दोन रंगांच्या पेनांनी गोल करा, एकीची दुसरीत मिसळायला नको. नळी त्याच फेरीत निघेल का आणि रक्त तेव्हाच काढता येईल का, हे आज फोनवरच विचारा, म्हणजे तिला दोनदा न्यायला नको. हातात किंवा पिशवीत घेऊन जाऊ नका. मांजराची पेटी नसेल तर फळवाल्याकडे डाळिंबाचे प्लास्टिकचे दोन क्रेट मिळतील. एक खाली, एक त्यावर उपडा, चारही कोपरे सुतळीने बांधा. हवा खेळते आणि ती निसटत नाही. आत तेच लुगडं घाला, न धुतलेलं, तिच्या वासाचं. वरून ओला केलेला सुती कपडा टाका, एक बाजू उघडी ठेवा. तिची वही आणि औषधांच्या बाटल्या बरोबर घ्या, आणि ऊन चढायच्या आत, आठच्या सुमाराला रिक्षा सांगा.